वाचकांचे प्रश्न : फाइल हातात आली म्हणजे आपली झाली का?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेली बहुतेक पत्रे नागपूर शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून आली आहेत. विषय वरवर वेगवेगळे आहेत. कोणाच्या खात्यातून पैसे गेले, कोणाला पुस्तकांच्या पीडीएफ येतात, कोणाचे जुने लिखाण आता उघडत नाही. ती पत्रे एका बैठकीत वाचताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. वस्तू ताब्यात असणे वेगळे आणि तिची मालकी असणे वेगळे, हे घर, शेत किंवा दागिन्यांच्या बाबतीत आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. शेत कसणारा कोणीही असो, सातबारा कोणाच्या नावावर आहे हे आपण आधी पाहतो. संगणकातील फाइलच्या बाबतीत मात्र हा फरक आपल्या नजरेतून सुटतो. पुढील उत्तरे वाचताना एवढे ध्यानात ठेवावे, अशी विनंती आहे.

प्रश्न : आमच्या निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटात रोज मराठी पुस्तकांच्या पीडीएफ येतात. मी हरकत घेतली, तर “वाचनसंस्कृती वाढते, यात गैर काय?” असे उत्तर मिळाले. जुन्या लेखकांची पुस्तके सर्वांसाठी खुली झाली आहेत, असेही काहींचे म्हणणे आहे. यातील खरे काय? (निवृत्त शिक्षिका, धरमपेठ)

उत्तर : बाई, आपली हरकत योग्य होती आणि गटातील मंडळींचे म्हणणेही पूर्णपणे चुकीचे नाही; कोणते पुस्तक आहे, यावर सगळे अवलंबून आहे.

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू आहे. त्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील हक्क लेखकाच्या आयुष्यभर आणि निधनानंतर ६० वर्षे टिकतो. ही ६० वर्षे निधनाच्या तारखेपासून नव्हे, तर त्यानंतरच्या १ जानेवारीपासून मोजतात. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोरांचे निधन १९४१ साली झाले, त्यामुळे त्यांच्या लेखनावरील हक्क १९९१ च्या अखेरीस संपणार होता. त्या वेळी सरकारने ही मुदत दहा वर्षांनी वाढवली आणि ती वाढ सर्वच लेखकांना लागू झाली.

आता आपल्या गटातील पुस्तकांना हा हिशेब लावून पाहू. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी खुले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून खुले आहेत. १९१९ साली आपल्या सावनेरला ज्यांचे निधन झाले, त्या राम गणेश गडकरींचे लेखन तर कितीतरी आधी खुले झाले. ही पुस्तके टंकलिखित करावीत, वाचून ध्वनिमुद्रित करावीत, हव्या त्या गटात पाठवावीत. त्यात चोरी नाही, उलट ते पुण्यकर्म आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे निधन मात्र १९६८ साली झाले. त्यांच्या लेखनावरील हक्क, हक्कधारकांनी स्वतःहून खुला केला नसेल तर, ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत आहे. सुरेश भटांच्या गझला २०६३ च्या अखेरपर्यंत आणि कवी ग्रेस यांच्या कविता २०७२ च्या अखेरपर्यंत संरक्षित आहेत.

येथे एक बारकावा सांगणे आवश्यक आहे. साने गुरुजींचे मूळ लेखन खुले झाले, म्हणून एखाद्या प्रकाशकाने गेल्या वर्षी काढलेली आवृत्ती तशीच स्कॅन करून वाटणे योग्य ठरत नाही, कारण त्या आवृत्तीतील नवी प्रस्तावना, टिपा आणि चित्रे ही दुसऱ्या कोणाच्या तरी श्रमातून झालेली असतात आणि त्यांचा हक्क वेगळा असतो. अनुवादाचेही तसेच आहे. मूळ लेखकाला जाऊन शंभर वर्षे झाली असली, तरी अनुवादक हयात असू शकतो.

हयात लेखकाच्या पुस्तकाची पीडीएफ दोनशे जणांच्या गटात टाकणे हे मात्र प्रती काढून वाटणेच आहे. कायद्याने स्वतःच्या अभ्यासासाठी, समीक्षेसाठी आणि वर्गातील अध्यापनासाठी सवलती दिल्या आहेत, आणि त्या लहान नाहीत. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्सच्या एका दुकानाविरुद्ध मोठ्या परदेशी प्रकाशकांनी दावा लावला होता, तेव्हा २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतील भागांच्या प्रती काढण्याला अध्यापनाची सवलत लागू होते, असे मानले. पण गटातील सर्वांना आख्खी कादंबरी पाठवणे अध्यापनात बसत नाही. मराठी पुस्तकाची एक आवृत्ती संपायला किती वर्षे लागतात, हे आपण शाळेच्या ग्रंथालयाचे काम पाहिले असेल तर जाणताच. वाचनसंस्कृतीचे नाव घेऊन लेखकाचे उरलेसुरले मानधन काढून घेणे मला मान्य नाही, आणि ज्यांनी आयुष्यभर मुलांना नक्कल करू नका म्हणून शिकवले, त्यांनी तरी ते करू नये असे मला मनापासून वाटते.

आणखी एक विनंती. गटांत येणाऱ्या कवितांखाली बहुधा कवीचे नाव नसते, किंवा भलत्याच कवीचे असते. याच कायद्याच्या ५७ व्या कलमाने आपल्या निर्मितीवर आपले नाव असण्याचा अधिकार लेखकाला दिला आहे आणि त्याने हक्क विकून टाकले, तरीही तो त्याच्याकडेच राहतो. ज्या शहरातल्या सभागृहाला सुरेश भटांचे नाव दिले आहे, त्या शहरातून त्यांचा शेर बेनाव फिरू नये. नाव माहीत नसेल तर शोधावे, सापडले नाही तर पुढे पाठवू नये.

प्रश्न : माझे यजमान निवृत्त शासकीय कर्मचारी आहेत. त्यांना नात्यातील एकाच्या क्रमांकावरून व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. ती उघडली, पण आत काहीच दिसले नाही. त्याच रात्री आणि दुसऱ्या दिवशी मिळून खात्यातून १ लाख ८६ हजार रुपये गेले. आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी बँकेत कळवले. बँकेचे म्हणणे आहे की, ओटीपी वापरला गेला, म्हणजे चूक ग्राहकाची. त्यांनी ओटीपी कोणालाही सांगितलेला नाही. ते आता कोणाशी बोलतही नाहीत. (गृहिणी, मानेवाडा)

उत्तर : ताई, सर्वांत आधी त्यांना हे उत्तर वाचून दाखवा. ओळखीच्या माणसाकडून लग्नाचे निमंत्रण येते आणि ते उघडले जाते, यात मूर्खपणा नाही. आपल्या समाजात पत्रिका न उघडणे हाच असभ्यपणा मानला जातो, आणि भामट्यांनी नेमका याच सभ्यतेचा फायदा घेतला आहे.

काय घडले असावे ते सांगतो. ती पत्रिका म्हणजे चित्र किंवा पीडीएफ नव्हते. ते एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर बसवायचे ॲप होते. बसवताना फोनने एक-दोन परवानग्या विचारल्या असतील आणि पत्रिका पाहायची म्हणून त्यांनी होकार दिला असेल. त्यातली महत्त्वाची परवानगी एसएमएस वाचण्याची असते. ती मिळाली की बँकेकडून येणारा ओटीपी त्या ॲपला आधी दिसतो आणि क्षणात भामट्याकडे पोहोचतो. यजमानांनी तो कोणाला सांगावा लागत नाही. असे ॲप पुढे त्याच फोनमधील सर्व ओळखीच्यांना तीच पत्रिका पाठवते, म्हणून ती नातलगाच्या क्रमांकावरून आली. त्या नातलगावर रागावू नका, त्यांचाही फोन असाच भामट्यांच्या हाती गेला असणार. अशाच फाइली वाहतुकीच्या दंडाचे चलान किंवा शासकीय योजनेचा अर्ज या नावांनीही फिरत आहेत.

तो फोन अजून तसाच असेल, तर त्याचे इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावरही ती नोंदवता येते. हा क्रमांक लवकर लावण्याचे कारण असे की चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या खात्यात फिरवले जातात आणि काढून घेण्याआधी वाटेत कुठे सापडले, तर तिथल्या तिथे गोठवता येतात. त्यानंतर फोनमधील फोटो आणि आवश्यक क्रमांक बाजूला काढून फोन पूर्ण कोरा करून घ्या. संशयित ॲप नुसते काढून टाकण्यावर विसंबू नका.

आता बँकेविषयी. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांबाबत आहे. त्यात म्हटले आहे की, दोष बँकेचा असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य असते. दोष बँकेचाही नसेल आणि ग्राहकाचाही नसेल, तर बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवणाऱ्याची जबाबदारीही शून्य असते. कामकाजाच्या चार ते सात दिवसांत कळवले, तर साध्या बचत खात्यासाठी ती जास्तीत जास्त १० हजार रुपयांपर्यंत असू शकते. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले असेल, तर कळवण्यापूर्वीचे नुकसान ग्राहकाचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे, असे त्या परिपत्रकात स्पष्ट म्हटले आहे. “ओटीपी वापरला गेला” एवढ्या एका वाक्याने तो भार उतरतो, असे मला वाटत नाही.

तुमची खरी लढाई यातल्या निष्काळजीपणा या एका शब्दाभोवती होणार आहे, हे मी लपवत नाही. बँक म्हणेल की, अनोळखी ॲप बसवणे हाच निष्काळजीपणा. तुम्ही लेखी म्हणा की, आम्ही गुप्त माहिती कोणालाही दिलेली नाही, ती आमच्या नकळत चोरली गेली. आणि ज्या खात्यातून महिन्याला वीजबिल आणि औषधांपलीकडे काही जात नव्हते, त्यातून रात्र आणि दुसरा दिवस मिळून अनोळखी खात्यांत एवढी रक्कम जाताना बँकेच्या यंत्रणेने काय केले, ते आम्हाला कळवावे. तक्रार तोंडी ठेवू नका. तारीख, वेळ आणि पोच घ्या. तुम्ही दुपारी किती वाजता कळवले आणि त्यानंतर एखादा व्यवहार झाला का, यावर मोठी रक्कम अवलंबून असू शकते. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. पैसे परत मिळतीलच, असे आश्वासन मी देऊ शकत नाही. पण बँकेच्या खिडकीवरचा पहिला नकार हा शेवटचा नकार नसतो.

यापुढे कोणी पोलीस किंवा अधिकारी असल्याचे सांगून, पैसे परत मिळवून देतो म्हणून फोन करील, व्हिडिओ कॉलवर बसवून अटकेची भीती घालील. ज्यांचे एकदा पैसे गेले, त्यांचे क्रमांक अशा लोकांकडे पोहोचतात. भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाचा प्रकार नाही. फोन ठेवून द्या.

प्रश्न : मी सगळे पासवर्ड एका वहीत लिहून ठेवते. मुलगा म्हणतो, हे फार धोक्याचे आहे. (जरीपटका)

उत्तर : वही घरातल्या कपाटात असेल, तर ती ठेवा. तुमचा पासवर्ड चोरणारा माणूस बहुधा जरीपटक्यात येणार नाही. तो हजार मैलांवर बसलेला असतो आणि त्याला तुमचे कपाट दिसत नाही. एकच सोपा पासवर्ड सगळीकडे वापरण्यापेक्षा प्रत्येक ठिकाणी वेगळा, लांब पासवर्ड ठेवून तो वहीत लिहिणे कितीतरी सुरक्षित आहे. एटीएमचा पिन मात्र वहीतही नको आणि फोनच्या कव्हरमध्ये तर मुळीच नको.

लांबीला महत्त्व का, ते पाहा. केवळ इंग्रजी लहान अक्षरांची, कुठलाही क्रम नसलेली आठ अक्षरे घेतली, तर सुमारे २० हजार ८८२ कोटी शक्यता होतात. यंत्राला हे फार नाही. आणखी चार अक्षरे वाढवली की शक्यता ४ लाख ५६ हजार ९७६ पटींनी वाढतात. परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत जोडून लिहिले की पुरे. गाडीचा एमएच ३१ पासून सुरू होणारा क्रमांक अनेकजण पासवर्ड म्हणून वापरतात. तो क्रमांक तर दारासमोर उभ्या गाडीवरच लिहिलेला असतो.

दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलण्याचा आग्रहही आता सोडा. हा नियम ज्या अमेरिकी सरकारी मार्गदर्शिकेमुळे जगभर पसरला, ती २००३ साली लिहिणाऱ्या बिल बर यांनीच २०१७ साली त्याबद्दल खेद व्यक्त केला, आणि त्याच वर्षी ती मार्गदर्शिका काढणाऱ्या संस्थेने तो सल्ला मागे घेतला. पासवर्ड फुटल्याची शंका आली, तर मात्र त्याच दिवशी बदला.

प्रश्न : मुलीच्या लग्नाचे फोटो फोटोग्राफरने आम्हाला न विचारता आपल्या जाहिरातीसाठी इन्स्टाग्रामवर टाकले. “फोटो मी काढले, म्हणजे माझेच” असे त्याचे म्हणणे आहे. (सक्करदरा)

उत्तर : फोटो काढणारा तो असला, तरी आपल्या कायद्यानुसार हक्क आपला आहे. कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमात म्हटले आहे की, एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन छायाचित्र किंवा चित्रफीत तयार केली असेल आणि वेगळा करार झालेला नसेल, तर पहिला हक्क सांगणाऱ्याचा असतो. आपण पैसे दिले, काम सांगितले. मालक आपण आहात. “वेगळा करार” हे शब्द मात्र महत्त्वाचे आहेत. बयाणा देताना ज्या पावतीवर आपण सही केली, तिच्या मागे बारीक अक्षरांत काही अटी असतात. ती पावती शोधून वाचा. तिथे हक्क फोटोग्राफरकडे राहतील असे लिहिले असेल, तर आपली बाजू कमकुवत होते. तसे काही नसेल, तर फोटो काढून टाकण्याची एक लेखी सूचना द्या. इन्स्टाग्रामकडेही हक्कभंगाची तक्रार करता येते.

तरीही मला त्या फोटोग्राफरविषयी एक शब्द बोलायचा आहे. मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या उन्हात मंडपात दिवसभर उभे राहून त्याने ते फोटो काढलेले आहेत आणि पुढचे काम त्याला या फोटोंमुळेच मिळते. आधी बोलावून घ्या. मुलगी आणि जावई यांना चालतील असे दोन-चार फोटो त्याने नावाने परवानगी घेऊन ठेवावेत, बाकीचे काढावेत, असा मार्ग बहुधा निघतो.

याच पत्रात आपण वरातीतील गाण्यांबद्दल आणि इंटरनेटवर टाकलेल्या लग्नाच्या व्हिडिओचा आवाज बंद झाल्याबद्दल विचारले आहे. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांत गाणी वाजवणे हा हक्कभंग नाही, असे ५२ व्या कलमात आहे. तीच गाणी चित्रफितीला जोडून इंटरनेटवर टाकण्याला ही सवलत लागू होत नाही, म्हणून आपल्या व्हिडिओचा आवाज बंद झाला.

प्रश्न : माझे महालमध्ये डीटीपीचे छोटे दुकान आहे. तीन संगणक आहेत, तिन्हींवर विंडोज १० आहे आणि डिझाइनची सॉफ्टवेअरे क्रॅक केलेली, म्हणजे विनापरवाना आहेत. सगळे तसेच करतात. नवीन घेण्याची ऐपत नाही. खरोखर किती धोका आहे?

उत्तर : आपण खरे लिहिलेत, म्हणून मीही सरळ लिहितो. क्रॅक केलेले सॉफ्टवेअर बसवताना आधी अँटिव्हायरस बंद करा आणि मग ही फाइल प्रशासकाच्या अधिकाराने चालवा, अशी सूचना असते ना? म्हणजे घराचा पहारेकरी सुटीवर पाठवून अनोळखी माणसाला तिजोरीच्या खोलीची किल्ली दिल्यासारखे आहे. त्याने आत काय ठेवले, हे आपल्याला कधीच कळत नाही. त्याच संगणकावर आपण ग्राहकांची आधार कार्डे, गुणपत्रिका आणि बँकेची कागदपत्रे छापता. धोका केवळ आपला असता, तर मी एवढ्या कळकळीने लिहिले नसते.

कायद्याचे सांगायचे, तर बेकायदा प्रत आहे हे माहीत असताना संगणकावर वापरणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. कॉपीराइट कायद्याच्या ६३ ब कलमात किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे.

विंडोज १० चे नियमित सुरक्षा अद्यतन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. घरगुती वापरकर्त्यांनी वेगळी नोंदणी केल्यास ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळते. अद्यतन नसलेल्या संगणकाचे काय होते, हे २०१७ साली जगाने पाहिले. मायक्रोसॉफ्टने मार्चमध्ये एक दुरुस्ती दिली होती, ती ज्यांनी बसवली नाही त्यांच्या संगणकांवर १२ मे रोजी वॉनाक्राय नावाची खंडणीखोर प्रणाली पसरली आणि ब्रिटनमधील रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. त्याच भगदाडाचा उपयोग करून जूनच्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या हल्ल्याने आपल्या महाराष्ट्रातील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका टर्मिनलचे काम ठप्प केले.

ऐपतीत बसणारा मार्ग असा आहे. ज्या एका संगणकावर जुने फॉन्ट आणि जुनी कामे आहेत, त्याचे इंटरनेट कायमचे काढून टाका आणि तो केवळ छपाईच्या कामाला ठेवा. दुसऱ्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली बसवा. लिब्रेऑफिस, इंकस्केप, गिंप आणि स्क्रायबस ही सगळी मोफत आणि कायदेशीर सॉफ्टवेअरे त्यावर चालतात. पहिले दोन महिने हात अडखळेल, हे मान्य. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, फलक ही कामे त्यांत होतात. तिसरा संगणक विंडोज ११ च्या अटींत बसतो का, ते तपासा. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते आणि कित्येक संगणकांत ती असते, पण बंद करून ठेवलेली असते. ग्राहकांची कागदपत्रे रोज संध्याकाळी पुसून टाका, मग संगणक कोणताही असो.

प्रश्न : मी मोबाईलवर ई-पुस्तके विकत घेतली आहेत. वाचून झाल्यावर ती बहिणीला देता येतील का? (हिंगणा)

उत्तर : बहुतेक दुकानांत नाही. पैसे देऊन आपण पुस्तक नव्हे, तर ते वाचण्याची परवानगी घेतलेली असते. २००९ साली एका पुस्तकाच्या हक्कांवरून प्रश्न निर्माण झाल्यावर ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून विकलेल्या प्रती दुरूनच पुसून टाकल्या होत्या. नंतर कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली. जे पुस्तक बहिणीला द्यावे, पुन्हा काढून वाचावे असे वाटते, ते छापील घ्या.

प्रश्न : मी ७४ वर्षांचा कथालेखक आहे. १९९६ ते २००३ या काळातील माझ्या कथा श्रीलिपी या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टंकलिखित करून फ्लॉपींवर ठेवल्या आहेत. त्यांपैकी दोन संग्रह निघाले, ते आता मिळत नाहीत आणि प्रकाशकांनी व्यवसाय बंद केला. मुलाने एक फ्लॉपी उघडून पाहिली, तर नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसली. लिखाण गेले, असे समजू का? (प्रतापनगर)

उत्तर : नाही. ती इंग्रजी अक्षरे म्हणजेच आपल्या कथा आहेत.

त्या काळच्या मराठी फॉन्टांनी एक युक्ती केली होती. संगणकाला केवळ रोमन अक्षरांच्या जागा ठाऊक होत्या, म्हणून त्या जागांवर मराठी अक्षरांचे आकार बसवले गेले. फाइलमध्ये साठले ते रोमन अक्षराचे सांकेतिक क्रमांक, डोळ्यांना दिसले ते मराठी. फॉन्ट गेला की केवळ क्रमांक उरतात. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी होती, म्हणून पुण्याच्या सी-डॅक या संस्थेच्या आयएसएम या तशाच सॉफ्टवेअरमधील फाइल श्रीलिपीत उघडत नसे. प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या युनिकोड या पद्धतीने हा गोंधळ मिटवला. त्यात ‘क’ चा क्रमांक ०९१५ आहे आणि ‘ळ’ चा ०९३३ आहे, आणि तो जगातल्या प्रत्येक यंत्रात तोच आहे. मराठी लिहिणाऱ्यांसाठी मी हे गेल्या तीस वर्षांतले सर्वांत मोठे काम मानतो, कारण त्यामुळे आपली भाषा एखाद्या कंपनीच्या फॉन्टच्या ताब्यातून सुटली.

पहिले काम फ्लॉपी वाचण्याचे. यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह विकत मिळतो. फ्लॉपीच्या कोपऱ्यात सरकणारी एक छोटी पट्टी असते; ती सरकवून छिद्र उघडे करा, म्हणजे तिच्यावर चुकूनही काही लिहिले जाणार नाही. फाइल तिथल्या तिथे उघडू नका, आधी सगळ्या फाइली संगणकावर उतरवा. चुंबकीय थर जुना झाल्यावर काही फ्लॉप्या एकदाच वाचता येतात.

त्यानंतर रूपांतर. श्रीलिपीतून युनिकोडमध्ये नेणारी साधने उपलब्ध आहेत, परंतु त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवली जाई आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा आहे. त्यामुळे जोडाक्षरे असलेल्या शब्दांत वेलांटी आणि रफार भलत्याच अक्षरावर गेलेले आढळतील. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘वऱ्हाड’ यांतील ऱ्य आणि ऱ्ह विशेष तपासा. कित्येक साधने ‘दऱ्या’ चा ‘दर्या’ करतात आणि अर्थच बदलतो. वैदर्भी बोलीतील संवाद आपल्या कथांत असतील, तर ते काम दुसऱ्या कोणाला देऊ नका. छापील संग्रहाची एक प्रत जवळ ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहा.

हक्कांविषयी. आपण प्रकाशकांना दिलेले पत्र किंवा करार काढून पाहा. हक्क हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असावे लागते, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल, तर कॉपीराइट कायद्याच्या १९ व्या कलमानुसार ती पाच वर्षांची समजली जाते. आपले संग्रह पंचवीस वर्षांपूर्वीचे आहेत. मुदत लिहिलेली नसेल, तर त्या कथा कधीच आपल्याकडे परत आल्या आहेत, आणि त्या नव्याने छापायला किंवा खुल्या करायला कोणाची परवानगी लागत नाही. ‘कायमचे हक्क’ असे शब्द आढळले, तर मला त्या कराराची प्रत पाठवा.

रूपांतर झाल्यावर तीन प्रती ठेवा. एक संगणकात, एक वेगळ्या पेन ड्राइव्हवर मुलाच्या घरी आणि एक ऑनलाइन साठ्यात. मूळ श्रीलिपीच्या फाइलीही त्यांच्याबरोबर राहू द्या. पुढे एखाद्या शब्दाबद्दल शंका आली, तर आपण १९९६ साली काय लिहिले होते, हे त्याच सांगतील.